दहावीच्या उत्तरपत्रिकेतला 'मी' कोणाचा? मराठीच्या प्राश्निकांना, नियामकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेच्या मराठी (प्रथम भाषा) विषयाचे प्राश्निक, नियामक आणि परीक्षक,
महाराष्ट्र राज्य.

विषय : उपयोजित लेखनात पाठ करून उतरवलेल्या तयार मजकुरांना मिळणारे गुण आणि त्यासंबंधीच्या मागण्या.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

गेल्या महिन्यात माझी नात शिकवणीहून परतताना झेरॉक्सच्या चाळीस पानांचा एक गठ्ठा घेऊन आली. ती यंदा दहावीला आहे. गठ्ठ्यात मराठीच्या उपयोजित लेखनासाठी तयार करून दिलेले मजकूर होते आणि ते परीक्षेपर्यंत तोंडपाठ करायचे होते. ठिकठिकाणी रिकाम्या जागा सोडून कंसात सूचना दिल्या होत्या : 'आपल्या गावाचे नाव', 'आपल्या शाळेचे नाव', 'आजोबांचे नाव'. प्रसंगलेखनाच्या एका मजकुरात लाडके आजोबा आजारी पडतात आणि शेवटच्या परिच्छेदात नातवाचा हात हातात घेऊन प्राण सोडतात. नातीने तो मजकूर दोनदा वाचला आणि मला विचारले, "आजी, इथे आबांचे नाव घालू का? यात आजोबा शेवटी जातात." तिचे आबा त्या वेळी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. दुसरे कोणते तरी नाव घाल, असे मी तिला सांगितले. ते सांगून झाल्यावर रात्रभर मला झोप आली नाही, आणि म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळांत मराठी शिकवले. त्यांतली बरीच वर्षे दहावीचा वर्ग माझ्याकडे होता आणि अनेक उन्हाळे उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. त्या कामाची गोपनीयता मी आजही पाळते, त्यामुळे वर्ष, केंद्र किंवा विभाग यांचा उल्लेख या पत्रात येणार नाही. आपल्यापैकी काहींबरोबर मी एकाच टेबलाशी बसून गठ्ठे तपासले आहेत. एकाच केंद्रावरच्या सलग उत्तरपत्रिकांत तेच पहिले वाक्य, तीच उपमा, तोच शेवट आणि त्याच ठिकाणी झालेली तीच शुद्धलेखनाची चूक आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या वेळी आपण एकमेकांकडे बघून पुढची उत्तरपत्रिका उघडत होतो. मीही तेच करीत होते.

ज्या वाचकांचा या परीक्षेशी बऱ्याच वर्षांत संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी तिची रचना थोडक्यात सांगते. मराठी प्रथम भाषेची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची असते. उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. कृतिपत्रिकेच्या, म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिकेच्या, पाच विभागांपैकी शेवटचा विभाग उपयोजित लेखनाचा असून त्याला २४ गुण आहेत, म्हणजे सर्व विभागांत सर्वाधिक. त्यात पत्र किंवा सारांश यांना ६ गुण, जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी कोणत्याही दोहोंना मिळून १० गुण, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८ गुण असतात. विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या शब्दांत काही लिहावे, एवढ्यासाठीच हा विभाग आहे.

२०१८ मध्ये दहावीचे नवे पाठ्यपुस्तक आले आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका रुजली, तेव्हा आमच्यासारख्या शिक्षकांना मनापासून आनंद झाला होता. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे घोकण्याचे दिवस त्या बदलाने बऱ्याच अंशी संपवले. मुलाला स्वतःचे मत विचारणारे स्वमताचे प्रश्न आले, अभिव्यक्ती आली, अपठित उताऱ्याला ४ गुण मिळाले. ज्यांनी तो बदल घडवला, त्यांच्या कष्टांचा मी आदर करते. माझे म्हणणे एवढेच आहे, की वाचनाच्या बाबतीत आपण जे धैर्य दाखवले ते लेखनाच्या बाबतीत दाखवले नाही. मुलाने कधीही न पाहिलेला उतारा आपण त्याच्यापुढे ठेवू शकतो, तर त्याने कधीही न घोकलेला विषय त्याच्यापुढे का ठेवू शकत नाही?

माझी पहिली तक्रार विषयांबद्दल आहे. कार्यक्रमाची चौकट द्यायची आणि 'या प्रसंगी आपण उपस्थित होता अशी कल्पना करून लिहा' असे सांगायचे. एखाद्या वस्तूचे नाव आणि चार मुद्दे द्यायचे आणि आत्मकथन मागायचे. हा साचा आता इतका ओळखीचा झाला आहे की शिकवणीवाले सप्टेंबरातच त्याच्यासाठी मजकूर कापून तयार ठेवतात. आत्मकथनाची सुरुवात राज्यभर एकच असते : 'दचकलात ना? इकडे तिकडे काय पाहता? मीच बोलतोय!' पुढे झाड, नदी, फाटके पुस्तक, मोडकी छत्री, बंद पडलेली शाळा, काहीही बोलत असो, ते आधी वैभवाच्या दिवसांविषयी बोलते, मग माणसाच्या कृतघ्नतेविषयी, आणि शेवटी एक संदेश देऊन गप्प होते. मुलांना असा एकच सांगाडा पाठ असला की पुरतो, कारण नाव बदलले की विषय बदलतो. कथालेखनात तर अपूर्ण कथा कुठूनही सुरू होवो, तिच्यात कोणाला तरी पैशांचे पाकीट सापडते आणि प्रामाणिकपणाचे बक्षीस मिळून ती संपते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची कल्पनाशक्ती इतकी लहान नसते. मी त्यांना मधल्या सुट्टीत बोलताना ऐकले आहे. शिक्षकांच्या नकला करताना, गावच्या यात्रेतली भांडणे सांगताना, बसमधून पडलेल्या दप्तराची हकिगत रंगवताना त्यांच्या तोंडी जी भाषा येते, तिचा मागमूस उत्तरपत्रिकेत नसतो.

दुसरी तक्रार तपासणीची आहे आणि ती मला सर्वांत जास्त सलते, कारण तिच्यात माझा हात आहे. आपण गुळगुळीतपणाला गुण देतो. ओळीने मुद्दे आलेले, अवतरण घातलेले, सुविचाराने संपवलेले, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेले लेखन हाती आले की वेळेच्या ताणात परीक्षकाचे पेन आपोआप आठपैकी सातवर जाते. स्वतःचे लिहिणाऱ्या मुलाचे वाक्य अडखळते, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, बोलीतला एखादा शब्द डोकावतो, आणि त्याला चार किंवा पाच मिळतात. हे एक-दोन वर्षे घडले की त्या शाळेतल्या पुढच्या सगळ्या मुलांना समजते, की परक्याचे वाक्य सुरक्षित आहे आणि आपले वाक्य धोक्याचे आहे. त्यातही ज्याच्या घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोंडी बोलली जाते, त्याला हा धोका इतरांहून अधिक जाणवतो. प्रमाणभाषेत लिहिताना पावलोपावली चुकण्याची भीती असलेल्या मुलाला पाठ केलेला मजकूर चिलखतासारखा वाटतो, आणि ते चिलखत त्याच्या अंगावर चढवायला आम्ही शिक्षकच पुढे असतो.

मी चढवलेले एक चिलखत सांगते. नोकरीच्या मधल्या काळात मी बीड जिल्ह्यातल्या एका गावी शिकवत होते. दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघायची आणि गावात म्हातारी माणसे व शिकणारी मुले मागे राहायची. मुलगी आजीजवळ राहत असे. एकदा मी वर्गात 'अविस्मरणीय प्रसंग' हा विषय दिला. तिने वहीचे एक पान लिहिले. त्यातली काही वाक्ये अशी होती : 'आई जायच्या दिवशी पहाटे उठून चूल सारवून गेली. आजीनं ती चूल तीन दिवस पेटवली न्हाई. शेजारनं भाकरी आनल्या. मी इचारलं तर म्हनली, तिच्या हाताचं सारवन हाय, ऱ्हाऊ दे.'

त्या पानावर मी लाल पेनाने सात वर्तुळे केली. 'न्हाई', 'आनल्या', 'इचारलं', 'म्हनली', 'हाय', सगळ्या शब्दांभोवती. खाली लिहिले, 'प्रमाणभाषा वापरावी. प्रसंग अधिक उठावदार हवा.' त्यानंतर मी तिला माझ्याजवळचा तयार मजकूर दिला, इतर मुलांनाही दिला, आणि तो दर शनिवारी म्हणून घेतला. मार्चमध्ये ती परीक्षेला बसली तेव्हा तिचे आईवडील दूर कुठल्या तरी फडात ऊस तोडत होते आणि ती 'शेतकऱ्याचे मनोगत' लिहीत होती. पेपर सुटल्यावर ती आनंदाने धावत आली आणि म्हणाली, "बाई, शब्द न् शब्द आठवला." तिला मराठीत चांगले गुण मिळाले. माझे कौतुकही झाले. परीक्षेच्या हिशोबात या सगळ्यात काहीच चुकले नव्हते, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे, की आपली परीक्षा त्या चुलीच्या पानापेक्षा माझ्या तयार मजकुराला जास्त गुण देणारी होती, आणि माझ्या नातीचा गठ्ठा पाहिल्यावर असे दिसते की ती आजही तशीच आहे.

तिसरी तक्रार वेळेची. तीन तासांत ८० गुण सोडवायचे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात. त्या हिशोबाने उपयोजित लेखनाच्या वाट्याला चौपन्न मिनिटे येतात आणि त्यांत एक पत्र, दोन छोटे मजकूर आणि एक मोठा मजकूर, असे चार वेगवेगळे प्रकार लिहायचे असतात. आठ गुणांच्या मोठ्या लेखनाला अठरा मिनिटे मिळतात. विषय वाचणे, विचार करणे, सुरुवात सुचणे, लिहिणे आणि पुन्हा वाचणे हे सारे त्या अठरा मिनिटांत. पूर्वी परीक्षेच्या आधी कृतिपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे मिळत. २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली जातात. मोबाइलवरून कृतिपत्रिका फुटण्याचे प्रकार रोखायचे होते, हे कारण मला मान्य आहे. परंतु लेखनाचा विषय मनात घोळवायला मुलाला मिळणारा तेवढाच एक अवकाश होता, तो त्या निर्णयात गेला आणि त्याची भरपाई कुठेही झाली नाही. ज्याला विचार करायला वेळ नाही, तो पाठ केलेलेच लिहिणार.

याशिवाय पैशांचा भाग आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. चांगली शिकवणी परवडणाऱ्या मुलाला अधिक सफाईदार मजकूर मिळतो, आणि आता तर मोबाइलवर विषय टाकला की घटकाभरात निबंध तयार होऊन येतो. मुलांना वर्गात बसवून, खोडायला लावून, पुन्हा लिहायला लावणारे शिक्षक आजही आहेत, पण निकालाच्या दिवशी पालक त्यांनाच जाब विचारतात.

पाठांतराला माझा विरोध नाही, हे मी स्पष्टपणे सांगू इच्छिते, कारण अशा पत्राचा तसा अर्थ सहज लावला जातो. माझ्या आईला जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ होत्या, शाळेचे तोंडही न पाहता तिने भाषा कमावली ती त्यांच्यावरच. मुलांनी कविता पाठ कराव्यात, अभंग करावेत, मनाचे श्लोक करावेत. त्याने कान तयार होतो आणि वाक्याला लय येते. मात्र तुकोबांचा अभंग म्हणणारे मूल तो अभंग आपण रचला असे सांगत नाही. तयार निबंध उतरवणारे मूल 'मी' असे लिहिते, 'माझे डोळे भरून आले' असे लिहिते, आणि ते डोळे त्याचे नसतात. भाषेच्या परीक्षेत आपण त्याला 'मी' हा शब्द खोटा वापरायला शिकवतो आणि तो खोटेपणा जितका बेमालूम, तितके गुण अधिक देतो. माझ्या नातीला ज्या मजकुरात आबांना मारायचे की नाही हा प्रश्न पडला, तो मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात असा प्रश्न आलाही नसेल.

आपल्या अडचणी मी जाणते. दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले दहावीला बसतात, नऊ विभागीय मंडळांत उत्तरपत्रिका तपासल्या जातात, आणि मुंबईच्या परीक्षकाने दिलेला गुण आणि लातूरच्या परीक्षकाने दिलेला गुण यांत मेळ असायला हवा. मोकळ्या लेखनाला मोजमाप लावणे अवघड असते आणि मुद्द्यांची यादी हाती असली की वाद होत नाहीत. तरीही स्वमताचे प्रश्न आपण आज तपासतोच, तेही परीक्षकाच्या विवेकावर विसंबून, आणि नियामक त्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात. जो विश्वास दोन-चार गुणांच्या स्वमतावर टाकला, तो आठ गुणांच्या लेखनावर टाकता येईल.

म्हणून माझ्या मागण्या मांडते.

पहिली मागणी अशी, की आठ गुणांच्या मोठ्या लेखनाचे विषय असे काढावेत ज्यांचे उत्तर मुलाच्या स्वतःच्या जगण्यातूनच यावे लागेल. 'तुमच्या घरात आता वापरात नसलेली, तरीही कोणी टाकून न दिलेली एक वस्तू आणि ती का टाकली नाही याची हकिगत' हा विषय दिला, तर कोणत्याही गठ्ठ्यातला मजकूर त्यात बसणार नाही. 'घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर या वर्षात बदललेली एक गोष्ट' हा विषय धारावीच्या मुलाला जितका सोपा आहे, तितकाच धडगावच्या मुलीला सोपा आहे. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन ही त्रिमूर्ती दरवर्षी तशीच राखण्याची गरज नाही. एखाद्या वर्षी नुसते एक छायाचित्र द्यावे, एखाद्या वर्षी दोन माणसांमधले अर्धे संभाषण द्यावे, आणि पुढच्या वर्षी काय येईल हे कोणालाही सांगता येऊ नये.

दुसरी मागणी, गुणांची वाटणी शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावी. आठपैकी किमान तीन गुण स्वतःच्या निरीक्षणाला आणि नेमक्या तपशिलाला असावेत, शुद्धलेखनासाठी एकाहून अधिक गुण कापले जाऊ नयेत, आणि पात्रांच्या तोंडचे संवाद बोलीत असतील तर त्यांच्याभोवती लाल वर्तुळ काढू नये, असे परीक्षकांना लेखी कळवावे.

तिसरी, एका केंद्रावर एकच मजकूर अनेक उत्तरपत्रिकांत आढळला तर मुलांना शिक्षा करू नये, चौकशीला बोलावू नये. दोष त्यांचा नाही. अशा लेखनाला निम्म्याहून अधिक गुण मिळणार नाहीत एवढेच ठरवून ते आधी जाहीर करावे, आणि निकालानंतर परीक्षकांची सर्वसाधारण निरीक्षणे शाळांकडे पाठवावीत. कोणते विषय मुलांनी जिवंतपणे लिहिले आणि कोणते सगळीकडे एकसारखे आले, हे शिक्षकांना कळू द्यावे.

चौथी मागणी वेळेची आहे. उपयोजित लेखनातल्या चार प्रकारांऐवजी तीन ठेवावेत आणि वाचलेली मिनिटे मोठ्या लेखनाला द्यावीत. उत्तरपत्रिकेत कच्च्या आराखड्यासाठी एक पान राखून ठेवावे आणि ते तपासले जाणार नाही हे त्यावरच छापावे.

पाचवी, अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांतले काही गुण वर्गात शिक्षकांसमोर लिहिलेल्या लेखनाला द्यावेत, ज्यात पहिला खर्डा, शिक्षकांचा शेरा आणि त्यानंतरचा दुसरा खर्डा हे तिन्ही जपून ठेवलेले असतील. दुसऱ्या खर्ड्यात मूल काय शिकले ते दिसते, आणि ते तीन तासांच्या परीक्षेत कधीच दिसत नाही.

या मागण्यांपैकी पहिलीला पैसा लागत नाही आणि शासन निर्णयही लागत नाही. पुढच्या परीक्षेची कृतिपत्रिका काढण्यासाठी आपण बसाल, तेव्हा ती त्याच बैठकीत अमलात आणता येईल. एवढी एक मागणी मान्य झाली तरी बाकीच्यांसाठी मी थांबायला तयार आहे.

त्या मुलीची वही वर्षअखेरीस तपासायला आली ती माझ्याकडेच राहिली. आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि तिची परवानगी घेऊनच वरची वाक्ये इथे दिली आहेत. आपण बोलावलेत तर मी ती वही घेऊन बैठकीला येईन. ते पान आपण सर्वांनी वाचावे, त्याला आजच्या निकषांनी आठपैकी किती गुण मिळतात ते प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे, आणि मग आपण चर्चेला बसू.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका